किल्ली कुणाकडे होती

नोकरी सोडतानाही मुलाखत द्यावी लागते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. नोकरी लागताना माझी कुणी मुलाखत घेतली नव्हती. काजूच्या फॅक्टरीचे जुने मालक अंगणात उभे होते. "काजू फोडूक येतत काय गो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "येतत." दुसऱ्या दिवसापासून कामाला. कटिंगवरून सोलणीला गेले, सोलणीवरून ग्रेडिंगला, आणि शेवटची बरीच वर्षं सुपरवायझर होते. म्हणजे गावातल्या सगळ्या बायका, एक बॉयलर, एक ड्रायर आणि मोठ्या दरवाजाची किल्ली.

मधे मालक थकले आणि फॅक्टरी पुण्याच्या एका कंपनीनं घेतली. पाटी बदलली. आम्हाला टोप्या आणि हातमोजे मिळाले. आमच्याच गावचा एकजण मॅनेजर म्हणून आला, त्याला आम्ही साहेब म्हणायला लागलो. ऑफिसात शिरला की शुद्ध मराठी, उंबऱ्याबाहेर पाय टाकला की मालवणी. दोन्हींत सारखाच गोड.

मी राजीनामा दिला तेव्हा त्यानं तो न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकला.

"ताई, एकदा सावंतवाडीच्या ऑफिसला जाऊन यावं लागेल. एक्झिट इंटरव्ह्यू. पुण्याहून एचआरच्या मॅडम येणार आहेत."

"काय विचारणार?"

"का सोडताय ते."

"ते तुम्हाला माहीत आहे की."

तो ड्रॉवर बंद करून उठला. मग उंबरा न ओलांडताच मालवणीत घसरला. "घरचा कारण सांगा नि मोकळे व्हा. सासू आजारी आसा ना तुमची? झाला तर!"

सासू आजारी होती हे खरं. कमरेतून गेली होती, उठवून बसवावी लागे. पण तिच्यासाठी मी नोकरी सोडत नव्हते. मी सोडत होते ते गावपळणीमुळे.

गावपळण म्हणजे काय, हे बाहेरच्यांना एकदा सांगावं लागतं. दर काही वर्षांनी ग्रामदेवाला कौल लावतात आणि देवानं कौल दिला की सगळं गाव शिवेबाहेर जातं. सगळं म्हणजे सगळं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं. घरांना कुलपं. नदीपलीकडे झावळांच्या राहुट्या बांधायच्या आणि तीन दिवस तिथे राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचं. परत कौल घ्यायचा, देव 'या' म्हणाला की घरी. देव खरोखर गावात फिरतो का, यावर माझं मत कुणी विचारू नये. माझ्या सासूला विचारावं. लग्न होऊन आल्यापासून तिनं एकही गावपळण चुकवली नव्हती, आणि यंदा आम्ही तिला खुर्चीसकट टेम्पोत चढवून नेली. मांडीवर मांजर घेऊन ती पुढच्या बाजूला तोंड करून बसली होती, लग्नाच्या वरातीला निघाल्यासारखी.

फॅक्टरी गावच्या शिवेच्या आत आहे. जुने मालक गावपळणीला बॉयलर विझवायचे, त्यावर चर्चा व्हायची नाही. कंपनीच्या वेळी मात्र चर्चा झाली. देवाचा कौल आला तो नेमका नाताळच्या मालाच्या तोंडावर. साहेब मला म्हणाला, "ताई, दोन रविवार बायका कामावर आल्या तर तीन दिवस बंद ठेवता येईल. मी पुण्याला पटवतो." मग बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "देवाच्या कामात मी आडवो येतलंय काय? मी काय खंयचो परको?"

मी घरोघर फिरून बायकांना तयार केलं. दोन रविवार आम्ही काम केलं. एकीच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, तिनं पाहुणे पुढे ढकलले. एवढं सगळं माझ्या शब्दावर झालं, आणि माझा शब्द साहेबाच्या शब्दावर उभा होता.

आता माझ्या जावेबद्दल सांगते, कारण यापुढचं सगळं तिच्याभोवती आहे.

ती माझ्या धाकट्या दिराची बायको. आमची घरं एका छपराखाली, मधे एक भिंत, पडवी सामाईक. लग्न होऊन आली तेव्हा दिवसभर दारात बसून असायची, म्हणून मीच तिला फॅक्टरीत लावलं. हुशार होती. अख्खा, पाकळी, तुकडा असं वेगळं करायला बाकीच्यांना आठवडे लागले, ती चार दिवसांत डोळे दुसरीकडे ठेवून करायला लागली. ग्रेडिंगवर माझ्या शेजारी बसायची, माझ्या डब्यातलं खायची, माझ्या नवऱ्याच्या घोरण्यावर विनोद करायची. मी नसताना सुपरवायझरचं काम तीच बघे. दरवाजाचं कुलूप कसं लावायचं हेही मीच तिला शिकवलेलं. कुलूप जुनं, पितळेचं, किल्लीचं भोक समोरच्या बाजूला, त्यावरचं झाकण कधीच पडून गेलेलं. खारं वारं आत गेलं की किल्ली फिरत नाही. म्हणून लावताना कुलूप उलटं करायचं, भोक दाराकडे. आम्ही दोघीच असं लावायचो. साहेब कधी लावायचा तर सरळ लावून निघून जायचा.

गावपळणीच्या आदल्या संध्याकाळी मला सासूला घेऊन आधी निघायचं होतं. मी किल्ली जावेकडे दिली. "शेवटचा कुलूप तू लाव. किल्ली तुझ्याकडेच ठेव."

तिनं किल्ली कनवटीला लावली. मग म्हणाली, "वयनी, माझ्या आवशीक बरा नाय. मी तीन दिवस मसुऱ्याक जातंय. थयसून इलंय काय सरळ घरा येतंय."

"जा. माका इचारतस कित्याक?"

गावपळणीत पुष्कळ जण पाहुण्यांकडे जातात. शिवेबाहेर राहायचं एवढंच महत्त्वाचं. मला शंका यायचं कारण नव्हतं. उलट मी तिच्या आईसाठी कोकमाच्या सोलांची पिशवी दिली.

तीन दिवस राहुटीत बरे गेले. सासू पोटभर जेवली. शेजारच्या राहुटीत भजन, पलीकडे पत्ते. सोलणीवरच्या बायका एकत्र बसून साहेबाचं कौतुक करत होत्या. "बघ गो, आपलो माणूस वर असलो म्हणजे बरा असता." मीसुद्धा मान हलवली.

परत आल्यावर फॅक्टरी उघडायला मी पहिली गेले. जावेकडून किल्ली घेतली होती. दरवाजावर कुलूप उलटं होतं, ते असायलाच हवं होतं, कारण तिनंच लावलं होतं. आत गेले. बॉयलरकडे बघायच्या आधी सवयीनं ड्रायरच्या दारावर हात ठेवला.

कोमट होता.

तीन दिवस बंद असलेला लोखंडी ड्रायर कोमट नसतो. मी हात काढला, पुन्हा ठेवला. मग खाली बघितलं. आम्ही झाडून गेलो होतो, आणि कोपऱ्यात काजूची तांबडी साल उडत होती. मोरीत कुणीतरी तंबाखू थुंकलं होतं. आमच्यात तंबाखू खाणारी एकही नाही. बाहेर शिवेच्या दुसऱ्या अंगाच्या रस्त्याला ट्रकच्या चाकांचे खोल माग होते. कुठून तरी माणसं आणली होती, आणि आम्ही नदीपलीकडे भजनं ऐकत असताना इथे शिफ्ट चालली होती.

साहेबाला विचारलं. तो रागावला नाही, लाजलाही नाही. "ताई, ऑर्डर होती. तुम्ही कुणी गावात नव्हता ना? मग तुमचा काय मोडला?" पुढे म्हणाला, "आणि आलेली माणसं गावची नव्हती. त्यांना कसली पळण?"

"दरवाजा कुणी उघडला?"

"किल्ल्या दोन आहेत. माझ्याकडची कुडाळला राहिली होती." एवढं बोलून तो फोन घेऊन बाहेर गेला. म्हणजे उरली ती जावेकडचीच किल्ली, आणि कुलूप तर उलटं लागलेलं होतं.

जावेला मी काही विचारलं नाही. भिंतीपलीकडून तिची भांडी ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी ग्रेडिंगच्या टेबलावर एवढंच म्हटलं, "आवशीक कसा आसा?" ती म्हणाली, "बरा आसा आता." हातातला काजू तिनं चुकीच्या ढिगात टाकला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

तिनं हे का केलं, हे साहेबानंच दुसऱ्या कुणाशी बोलताना सांगितलं आणि ते माझ्यापर्यंत आलं. 'ताई अजून किती दिवस करतील, पुढची सुपरवायझर तूच' असं तिला सांगितलं होतं. मला हसू आलं. मी जाताना तिचंच नाव देणार होते. तिनं नुसतं थांबायचं होतं.

मी राजीनामा दिला. बायकांना कारण सांगितलं नाही. सांगायचं तर जावेचं नाव सांगावं लागलं असतं, आणि गावपळणीत गावात थांबलेल्या बाईला आमच्याकडे काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मला माहीत होतं. देवळात तिच्या हातची ओटी कुणी घेतली नसती. मोठ्यानं कुणी काही बोललं नसतं, नुसत्या बाजूला सरकल्या असत्या. तिला घाबरवायला तेवढं पुरे होतं, आणि मला शांत करायलाही पुरलं असतं. पण सांगायचं की नाही हे ठरेना, म्हणून गप्प राहिले.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी जावेनं स्कूटर काढली. मी न सांगता. "चला, तिठ्यार सोडतंय."

मी मागे बसले. अर्ध्या वाटेत म्हणाली, "काय सांगतलात थय?"

"इचारतली तसा सांगान."

"माझा नाव..."

"तुझ्या नावाचा काय?"

"काय नाय." स्कूटर खड्ड्यात गेली. मी तिच्या खांद्याला धरायला हात उचलला आणि मागच्या कड्याला धरलं.

तिठ्यावर उतरले. ती म्हणाली, "पाचच्या गाडयेन येतलात? मी येतंय." तेवढ्यात एसटी आली म्हणून बरं झालं.

कुडाळला गाडी बदलून सावंतवाडीला पोचेपर्यंत मी विचार केला. साहेब म्हणाला तसं सासूचं कारण सांगितलं तर दहा मिनिटांत सुटका होती, पण मग तो जिंकला असता. सगळं सांगितलं तर जावेची नोकरी जाईल, असं मला वाटत होतं. सुपरवायझरला खोटं सांगणं, तिच्या पाठीमागे दरवाजा उघडणं, याला कुठलीही कंपनी शिक्षा करणारच. जुन्या मालकांनी तर त्याच दिवशी घरी पाठवली असती. शेवटी ठरवलं, साहेबाचं पूर्ण सांगायचं. जावेचं विचारलं तरच. खोटं बोलायचं नाही, पण आपण होऊन ताटात वाढायचंही नाही.

ऑफिस तलावासमोर एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. एचआरच्या मॅडम म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोर. मला बघून उठून उभी राहिली, पाणी दिलं. पंखा माझ्याकडे वळवला. तिच्यावर रागावणं मला शेवटपर्यंत जमलं नाही.

"मॅडम, अगदी मोकळेपणानं बोला. इथलं काहीही बाहेर जात नाही."

"आमच्याकडे सगळं बाहेर जातं," मी म्हटलं. ती हसली. तिला तो विनोद वाटला.

तिनं विचारलं, मी सांगितलं. बंद ठेवायचा शब्द दिला होता. त्यासाठी बायकांनी दोन रविवार काम केलं. सगळं गाव बाहेर असताना फॅक्टरी चालवली. आम्हाला कुणी सांगितलं नाही.

ती लॅपटॉपवर लिहीत होती. "पण सरांनी तर आम्हाला सांगितलं होतं की गावातल्या महिलांची संमती आहे. तुम्हीच सगळ्यांशी बोललात म्हणून."

"मी बोलले बंद ठेवण्यासाठी. चालवण्यासाठी नाही."

"म्हणजे कम्युनिकेशन गॅप झाली." तिनं तसं लिहिलं. "सणाच्या रजांचं नीट धोरण हवं, बरोबर आहे तुमचं. मी वर कळवते."

सण. मी पाणी प्यायले.

"एक विचारू? मग ते तीन दिवस मॅनेज कुणी केलं? सर तर कुडाळला होते. बाहेरून आलेल्या लोकांना काम दाखवणं, मशीन, ड्रायर. कुणीतरी माहीतगार असणार ना?"

आलं. विचारलं तरच सांगायचं असं मी ठरवलं होतं, आणि तिनं विचारलं होतं.

"माझी जाऊ," मी म्हटलं. "किल्ली मी तिच्याकडे दिली होती." नाव सांगितलं.

पोरीचा चेहरा उजळला. अगदी खरा. "एकटीनं? तीन दिवस? मॅडम, तुम्हाला माहितीय, नाताळचा अख्खा माल वेळेवर गेला तो त्यामुळे! आणि सरांनी हिचं नावच सांगितलं नाही. हे बरोबर नाही." तिनं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे चांदणी काढली असावी, कारण एकच बटण दोनदा दाबलं. "पुढच्या महिन्यात तुमच्या युनिटला कार्यक्रम आहे. सगळ्यांसमोर तिचा सत्कार करू या. तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं."

मी तक्रार म्हणून जे सांगितलं ते या टेबलावर शिफारस म्हणून उतरलं होतं. शिक्षा कसली! गावपळणीत गावात राहिलेली बाई, आणि तिला त्याबद्दल पुष्पगुच्छ, सोलणीच्या टेबलांसमोर, सगळ्या बायकांच्या देखत, माइकवर. मला काहीच करायचं नव्हतं. कंपनीच करणार होती. शाल घालून.

तिला थांबवणं सोपं होतं. आणखी दोन वाक्यं बोलले असते तर पोर समंजस होती, तिनं नाव खोडलं असतं. मी ती दोन वाक्यं बोलले नाही. हातातला ग्लास संपवला.

"आणखी काही राहिलंय सांगायचं?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं मला कंपनीतर्फे एक काजूचं पाकीट दिलं. आमच्याच फॅक्टरीचं, अख्खा नंबर एक. पाकीट उघडून बघितलं तर त्यात दोन पाकळ्या होत्या. ग्रेडिंग ढिलं पडलं होतं.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. कुडाळपर्यंत मला फार बरं वाटत होतं. मी खोटं बोलले नव्हते, चुगली केली नव्हती, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. कुडाळनंतर बरं वाटणं कमी झालं. माझ्या हातून काही वाईट झालं असं नव्हे. पण एखाद्याला खड्डा दिसत नसताना आपल्याला दिसत असेल तर हाक मारायची असते, एवढं साधं. तो खड्डा तिनं स्वतः खणला असला तरी.

ती तिठ्यावर स्कूटर घेऊन उभी होती. डोक्याला ओढणी गुंडाळून.

"काय सांगलात?"

"खरा ता सांगलंय."

तिचा चेहरा पडला. "माझी नोकरी..."

"नोकरी जाणा नाय. तुझो सत्कार करतले. पुढच्या म्हयन्यात. सगळ्यांच्या समोर. तीन दिवस फॅक्टरी चालवलंस म्हणान."

तिला समजायला क्षणही लागला नाही. पुण्याच्या पोरीला जे तासाभरात कळलं नाही ते हिला तिठ्यावर उभ्या उभ्या कळलं. तिनं स्कूटरचा आरसा धरला.

"वयनी, थांबवा. पाया पडतंय. तुम्ही सांगा तेंका."

"मी आता थय कोण? तू फोन कर. सांग, सत्कार नको म्हणान. कित्याक नको ता पण सांग."

"तेंका काय सांगतलंय मी?"

"माका काय इचारतस? आवशीचा नाव सांग. माका सांगलंस तसा."

त्या दिवशी मी चालत घरी गेले. ती स्कूटर हळू चालवत मागून येत राहिली, शेवटी पुढे गेली.

माझ्या मते तिथे आमचा हिशेब मिटला होता. मी तिला सावध केलं होतं. यापुढे ती आणि तिचा फोन.

तिनं फोन केला, पण पुण्याला नाही, साहेबाला, आणि त्यानं पुण्याला सांगून तिचं नाव गाळून घेतलं. कार्यक्रमाच्या दिवशी ती मसुऱ्याला गेली होती. पुण्याची पोर पडद्यावर दिसत होती. मी तिथे नव्हते, मला हे नंतर कळलं. तीन दिवस काम थांबू न दिल्याबद्दल पुष्पगुच्छ साहेबानं घेतला. टाळ्या वाजल्या त्या कार्यक्रमाला बोलावलेल्या बाहेरच्या शिफ्टच्या. गावातल्या बायकांचे हात मांडीवरच राहिले. मग कुणीतरी उठून विचारलं, "दार कोणी उघडल्यान?" साहेब म्हणाला, "किल्ली सुपरवायझरकडे असते." त्या वेळी सुपरवायझर कोण होती हे त्याला सांगावं लागलं नाही. मी महिनाभरापूर्वी कारण न सांगता नोकरी सोडली होती, हेही सगळ्यांना माहीत होतं.

मला त्याची काहीच कल्पना नव्हती. दोन दिवसांनी तिठ्यावर मासे घ्यायला गेले. जाऊ माझ्या आधीच तिथे होती, मसुऱ्याहून आलेली. बांगडे चांगले होते. मी वाटा निवडत असताना सोलणीवरची थोरली बाई आली. तोंडाची फटकळ, पण माझ्याशी कधी वाकडं बोलली नव्हती.

"काय गो सुपरवायझर, मजेत?"

"मजेत."

"मजेत असतलंसच. आमका राहुटयेत बसवलंस, भजना म्हणूक लावलंस, नि हय बॉयलर पेटवलंस. आणि वर नोकरी सोडून मोकळी. आमचे दोन आयतवार खाल्लंस ते खाल्लंस, देवाचे तीन दिवस पण खाल्लंस काय गो?"

मासेवालीचा कोयता थांबला. आजूबाजूच्या दोघीतिघी बाजूला सरकल्या. अगदी थोड्याशा. माझ्या पिशवीला त्यांची साडी लागत होती ती लागेनाशी झाली.

"किल्ली कोणाकडे होती? तूच सांग," थोरली म्हणाली.

मी जावेकडे बघितलं. ती माझ्या हाताच्या अंतरावर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं बोलायचं म्हटलं असतं तर एकच शब्द लागला असता. मासेवालीनं तिचे बांगडे कापायला घेतले होते. डोकं, शेपूट, पोट साफ, पाण्यात. मी एकेक बांगडा होऊ दिला. मला वाटलं, या बांगड्याला बोलेल. याला तरी बोलेल. ती बांगड्यांकडे अशी बघत होती, जणू तिला ते मोजून घ्यायचे होते. शेवटचा कापून झाला. जावेनं पिशवी पुढे केली.

ड्रायरला हात लावला तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. तेव्हा तिनं मला फसवलं होतं, पण माझ्या पाठीमागे. आता मी समोर उभी होते.

"हिच्याकडे होती," मी म्हटलं.

"कोणाकडे?"

"हिच्याकडे. मीच दिलेली. तीन दिवस ही हयच होती."

आवाज चढवला नाही. चढवायची गरज नव्हती. थोरलीनं जावेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा जावेकडे. जाऊ म्हणाली, "वयनी..." आणि पैसे टाकून, मासे पिशवीसकट तिथेच विसरून स्कूटरकडे गेली. मासेवाली म्हणाली, "तुझे बांगडे गो!" ती थांबली नाही. ते बांगडे मी उचलले. अन्न टाकून कसं येणार.

घरी आले तर भिंतीपलीकडे गप्प होतं. स्कूटर नव्हती. सासू खाटेवर टेकून बसली होती, मांजर पायाशी. दोन पिशव्या बघून म्हणाली, "एवढे कित्याक हाडलंस? आणि ती खंय गेली? मगासपासून हाक मारतंय, ओ देणा नाय."

सासूला गावपळणीतलं काही माहीत नव्हतं. तिठ्यावरची बातमी संध्याकाळपर्यंत घरोघर जाणार होती, पण खाटेपर्यंत येते ती मी आणेन तेवढीच. राहुटीत ती दोन्ही सुनांची नावं घेऊन देवाला हात जोडत होती, ते मी ऐकलं होतं.

मी बांगडे सुपात ओतले.

"मसुऱ्याक गेली," मी म्हटलं. "आवशीक बरा नाय."